रात्रीचं काम सकाळी साडेपाचपर्यंत संपलंच नाही : डेटाबेसच्या जॉबवर घड्याळ कसं लावायचं



बॅकअपवरच्या व्हिडिओत मी शेवटी एक वाक्य सहज बोलून गेलो होतो : "रात्री आपोआप चालणारी कामं किती वेळ घेतात तेही बघत चला." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, सर, वेळ कशाला बघायची? काम झालं की नाही एवढं बघितलं की पुरे ना? प्रश्न रास्त आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एका दूध संकलन केंद्रावर एक सकाळ अशी उजाडली की माझं मत बदललं. व्हिडिओत हे सगळं बसणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

केंद्राचं आणि गावाचं नाव सांगत नाही. कोल्हापूरकडचं आहे एवढं पुरे. मालकांना सगळे आण्णा म्हणतात, मीही म्हणतो. सकाळ-संध्याकाळ मिळून दीडेकशे उत्पादक दूध घालतात. काट्यावर वजन, मशीनवर फॅट आणि एसएनएफ, लगेच पावती. दर दहा दिवसांनी बिल. पशुखाद्याचे पैसे आणि घेतलेली उचल त्यातून वजा. हे सगळं एका छोट्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्याच्या पोटात एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती आहे. रात्री ११ वाजता एक जॉब सुरू व्हायचा. दिवसाच्या पावत्या बंद करायच्या, प्रत्येकाची बाकी काढायची, दिवसपत्रक फाइल म्हणून काढून ठेवायचं. आण्णांना एवढंच माहीत होतं की "रात्री मशीन हिशेब करतंय."

त्या दिवशी सकाळी पावणेसहाला फोन आला. "सर, पावती निघंना झालीया. मशीन नुसतं फिरतंय. लोकं क्यान घेऊन रस्त्यापर्यंत उभी हाईत."

मी म्हटलं, "आण्णा, काही बंद करू नका, पंधरा मिनिटं द्या." पण दारात साठ माणसं आणि बाहेर टँकरचा ड्रायव्हर हॉर्न देतोय, अशा वेळी पंधरा मिनिटं कोण थांबणार? आण्णांच्या पुतण्याने सर्व्हरचं बटण दाबून मशीन बंद केलं आणि परत चालू केलं. आपण सगळेच हे करतो. पण चालू झाल्यावर डेटाबेस उघडेचना. स्क्रीनवर "इन रिकव्हरी" एवढंच दिसत होतं. अर्धवट राहिलेलं काम डेटाबेस स्वतः उलटं फिरवून पूर्वपदावर आणत होता. त्यात आणखी पंचवीस मिनिटं गेली. तोवर वहीत हाताने नोंदी सुरू झाल्या होत्या.

त्या वहीतल्या एका नोंदीत म्हशीच्या दुधाचं फॅट ६.३ च्या जागी ३.६ पडलं. ज्या बाईंचं ते दूध होतं त्यांच्याकडे दोनच म्हशी. घरात रोख पैसा येतो तो याच बिलातून. बिल हातात पडल्यावर त्या केंद्रावर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्या दुधात पाणी हाय म्हणताय काय?" आण्णांनी वही काढली, चूक मान्य केली, फरक दिला. पण आठवडाभर गावात चर्चा एकच, की केंद्राचं मशीन बिघडलंय, हिशेब बघून घ्या. पावती वेळेवर आणि बरोबर, याच भरवशावर शेजारच्या गावातलं केंद्र सोडून लोक आण्णांकडे आले होते.

नेमकं काय झालं होतं?

दुपारी बसून शोध घेतला. आदल्या संध्याकाळी आठच्या सुमारास हिशेबनीस आपल्या खोलीतल्या संगणकावर एका सभासदाची उचल दुरुस्त करत होते. खिडकी उघडी, आकडा बदललेला, पण "सेव्ह" दाबलेलं नाही. तेवढ्यात घरून फोन आला. ते खोलीला कुलूप लावून गेले. संगणक चालूच.

आता बघा गंमत. गंमत म्हणायची, पण डोकं फिरवणारी. त्या उघड्या खिडकीने त्या सभासदाच्या नोंदीवर कुलूप धरून ठेवलं होतं. डेटाबेसच्या भाषेत लॉक. रात्री ११ ला जॉब सुरू झाला, सभासद एकामागून एक करत त्या नोंदीपाशी आला आणि थांबला. किती वेळ थांबला? एसक्यूएल सर्व्हरमध्ये तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर लॉक सुटण्याची वाट तो कितीही वेळ बघतो. त्याला कंटाळा येत नाही. हिशेबनीस सकाळी १० ला येणार, म्हणजे जॉब १० पर्यंत थांबणार. आणि थांबताना तो रिकाम्या हाताने थांबलेला नव्हता. तोपर्यंत हात लावलेल्या सगळ्या नोंदी आणि पावत्या त्याने स्वतःच्या ताब्यात धरून ठेवल्या होत्या. म्हणून सकाळी पहिली पावती काढायला गेले तर तीही रांगेत. एका कुलूप लावलेल्या खोलीमुळे अख्खं केंद्र ठप्प.

यात कुठेही "एरर" आली नाही. जॉब फेल झाला नाही, तो चालूच होता. तुम्ही जॉब फेल झाल्यावर मेसेज येईल अशी सोय केली असती, तरी त्या रात्री मेसेज आला नसता.

घरातल्या कुकरचं बघा. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, हे सगळ्यांना कळतं, कारण शिट्टी ऐकू येते. पण शिट्टी झालीच नाही, हे कोणाला कळतं? जिला रोजची वेळ माहीत आहे तिलाच. वीस मिनिटं झाली, अजून शिट्टी कशी नाही, रिंग नीट बसली नाही की पाणीच घातलं नाही? कुकर स्वतः काही सांगत नाही. तो नुसता गप्प असतो, आणि आत डाळ करपत असते.

मोठ्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एजंट नावाची सोय असते. जॉब ठरलेल्या वेळी चालवायचं काम ती करते. तिच्यात निरोपाचे तीनच प्रसंग आहेत : जॉब यशस्वी झाला, फेल झाला, किंवा संपला. तिन्ही शेवटाशी बांधलेले. "अजून संपला नाही" असा चौथा पर्याय नाही, तो आपला आपण करावा लागतो. एक्सप्रेस आवृत्तीत तर एजंटच मिळत नाही, त्यामुळे आण्णांच्या सॉफ्टवेअरवाल्याने विंडोजच्या टास्क शेड्युलरवर जॉब लावला होता. त्या शेड्युलरची गोष्ट आणखी न्यारी. एखादं काम किती वेळ चालू द्यायचं याची जी मर्यादा त्यात आपोआप येते ती आहे ३ दिवस. तीन दिवस दूध थांबत नाही हो.

जुनी कुंडली फाइलच्या वेळेत निघाली

मला दुसरी शंका होती. जॉब अडकला हे ठीक, पण एरवी तो किती वेळ घेत होता? आण्णांना विचारलं तर म्हणाले, "पाच-धा मिंटं घेत असंल." सॉफ्टवेअरवाला म्हणाला, पाच मिनिटं. नोंद कोणाकडेच नाही. टास्क शेड्युलरची हिस्टरी विंडोजमध्ये मुळात बंद असते, ती आपण चालू करावी लागते. इथे केलेली नव्हती.

मग लक्षात आलं, जॉब शेवटी दिवसपत्रकाची फाइल काढतो. प्रत्येक फाइलवर ती तयार झाल्याची वेळ असतेच. जॉब रोज बरोबर ११ ला सुरू होतो, म्हणजे फाइलची वेळ वजा ११ एवढाच त्या रात्रीचा हिशेब. फोल्डर तारखेप्रमाणे लावला. दोन वर्षांपूर्वीच्या फाइली ११ वाजून ४ मिनिटांच्या. मग ११:०९. मग ११:१७. गेल्या काही महिन्यांत ११:३१, आणि शेवटच्या आठवड्यात ११:३८. चार मिनिटांचं काम अडतीस मिनिटांवर गेलं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण त्या वेळी केंद्रात कोणी नसतं.

कारण साधं होतं. सॉफ्टवेअर प्रत्येक सभासदाची बाकी रोज रात्री पहिल्या दिवसापासून मोजत होतं. म्हणजे आज दुकान बंद करताना तुम्ही दुकान उघडल्यापासूनची सगळी बिलं परत बेरजेला घ्यायची. वर पावत्यांच्या टेबलला सभासद क्रमांक आणि तारखेचा इंडेक्स नव्हता. त्यामुळे एका सभासदासाठी अख्खी चोपडी चाळायची, मग दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्या पानापासून. सभासद वाढले, पावत्या वाढल्या, दोन्हींचा गुणाकार झाला. एक्सप्रेस आवृत्ती डेटा ठेवायला साधारण १.४ जीबीच मेमरी वापरते आणि २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती. दप्तर मेमरीत मावेनासं झालं की दर वेळी डिस्ककडे धाव, आणि तिथून वेग आणखी पडतो.

दुरुस्तीला एक दुपार लागली. इंडेक्स घातला, आणि बाकी मागच्या बंद झालेल्या बिलापासून पुढे मोजायची असं केलं. अडतीस मिनिटांचा जॉब तीन मिनिटांत व्हायला लागला. दोन वर्षांत कधीही करता आलं असतं असं काम. फक्त कोणीतरी त्या वेळांकडे बघायला हवं होतं.

तुमच्याकडे असा रात्रीचा जॉब असेल, बॅकअप, स्टॉक, बिलिंग, काहीही, तर तो शेवटी कुठली फाइल काढतो ते शोधा आणि वर्षभराच्या वेळा एका कागदावर उतरवा. दहा मिनिटांचं काम आहे. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको.

वही ठेवा : सुरू कधी, संपला कधी

फाइलच्या वेळा जुना तपास करायला ठीक. रोजच्यासाठी आम्ही डेटाबेसमध्येच एक छोटं टेबल केलं. जॉबचं नाव, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती नोंदी हाताळल्या. जॉबची पहिली पायरी सुरुवातीची वेळ लिहिते आणि ती लगेच पक्की करते. शेवटची पायरी संपल्याची वेळ लिहिते. सुरुवात आहे पण शेवट नाही अशी ओळ दिसली, तर जॉब एक तर चालू आहे किंवा वाटेतच मेला. दोन्ही बातम्या आपल्याला हव्याच आहेत.

ज्यांच्याकडे एजंट आहे त्यांना ही वही आयती मिळते. एमएसडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये सिसजॉबहिस्टरी हे टेबल असतं. पण त्यात तीन खड्डे आहेत, आणि तिन्हीत पडलेली माणसं मी बघितलीत. पहिला, जॉबची एकूण वेळ त्यात जॉब संपल्यावर येते. आत्ता चालू असलेल्या जॉबची सुरुवात बघायची तर सिसजॉबॲक्टिव्हिटी हे वेगळं टेबल बघावं लागतं. दुसरा खड्डा, तिथे वेळ सेकंदांत नसते. तास, मिनिटं, सेकंद असे आकडे एकाला एक चिकटवून एकच संख्या केलेली असते. २५ मिनिटं लागली तर तिथे २५०० दिसतं. त्याला सेकंद समजून कोणी ६० ने भागलं तर जवळजवळ बेचाळीस मिनिटं निघतात आणि अख्खा तक्ता चुकतो. तिसरा, ही हिस्टरी मुळात एका जॉबच्या १०० ओळी आणि सगळ्या मिळून १००० ओळी एवढीच राहते. दर पाच मिनिटांनी चालणारे जॉब असतील तर तुमच्या रात्रीच्या जॉबचा इतिहास ते बघता बघता गिळून टाकतात. मर्यादा वाढवून घ्या.

पोस्टग्रेस वापरत असाल आणि पीजी-क्रॉन लावलं असेल, तर त्याचंही प्रत्येक फेरीची सुरुवात आणि शेवट नोंदवणारं टेबल असतं. लिनक्सच्या साध्या क्रॉनवर मात्र जास्त जपा. क्रॉन आधीची फेरी संपली का हे बघतच नाही. वेळ झाली की दुसरी प्रत सुरू. एक जॉब लांबला की त्याच्या उरावर दुसरा, मग तिसरा, आणि तिघं एकमेकांची वाट अडवतात. त्यासाठी एफलॉक नावाची छोटी सोय आहे. पहिला आत असेल तर दुसऱ्याला दारातूनच परत पाठवते.

"जास्त वेळ" म्हणजे किती?

इथे बहुतेक लोक सरासरी काढतात आणि फसतात. समजा सात रात्रींच्या वेळा मिनिटांत अशा आहेत : ११, १२, १२, १३, १३, १४ आणि एका रात्री ५८. सरासरी येते १९. पण १९ मिनिटं तर एकाही रात्री लागली नव्हती! एका खराब रात्रीने आकडा वर ओढला. त्याऐवजी दहावीच्या सांख्यिकीत शिकलेला मध्यक घ्या. आकडे चढत्या क्रमाने लावा, मधला उचला. इथे तो १३. रोजची खरी चाल तीच आहे.

आम्ही ठरवलं, गेल्या ३० फेऱ्यांचा मध्यक घ्यायचा आणि त्याच्या दुपटीच्या वर गेलं की निरोप. पण दुरुस्तीनंतर जॉब तीन मिनिटांचा झाला होता. दुप्पट म्हणजे सहा. अँटिव्हायरस जरा जोरात फिरला तरी सहा मिनिटं होतात, आणि निरोप! चार दिवस असे फुकटचे निरोप आले की पाचव्या दिवशी माणूस फोन उलटा ठेवून झोपतो. म्हणून जोडीला दुसरी अट घातली, की काही झालं तरी १५ मिनिटांच्या आत ओरडायचं नाही.

बिलाचा दिवस वेगळा मोजायचा, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. दहा, वीस आणि महिनाअखेर, या रात्री काम मुळातच जास्त असतं. त्यांची तुलना साध्या रात्रीशी केली तर दर दहा दिवसांनी खोटी बोंब. तुमच्या धंद्यात हा दिवस कुठला ते तुम्हालाच माहीत. किराणा होलसेलवाल्याचा दिवाळीआधीचा आठवडा असेल, कोणाचा जीएसटीआर-१ च्या ११ तारखेच्या आधीचा असेल. बिलाच्या रात्रीची तुलना मागच्या बिलाच्या रात्रींशीच करा.

आणि आता जे सांगतोय ते आयटीवाले सहसा सांगत नाहीत. मध्यक, दुप्पट हे सगळं ठीक, पण तुमची खरी मर्यादा डेटाबेसमध्ये नसतेच. ती दारात असते. आण्णांच्याकडे ती सकाळी ५:३०. मी त्यांना उलटं मोजायला लावलं. साडेपाचला पहिली पावती निघायला हवी. काही बिघडलं तर निस्तरायला दोन तास. म्हणजे साडेतीनला निरोप आला तर शेवटची संधी. पण साडेतीनला उठून करणार कोण? हिशेबनिसांच्या खोलीची किल्ली कोणाकडे? मग आण्णा स्वतःच म्हणाले, "सर, मग हे ११ ला कशापायी करायचं? सांजचं संकलन आठला संपतंय. साडेनऊला लावा की, माणसं जागी असत्यात."

अगदी बरोबर! रात्री दोन वाजता जॉब लावणं ही मोठ्या कंपन्यांची सवय आहे. त्यांच्याकडे रात्रपाळीला माणूस असतो, तुमच्याकडे नाही. माणूस जागा असेल आणि गिऱ्हाईक नसेल, अशी वेळ शोधा.

राखणदार वेगळा हवा

वही आहे, मर्यादा आहे. आता बघणार कोण? जॉबनेच स्वतःवर लक्ष ठेवायचं म्हणाल तर उपयोग नाही. तो अडकला की त्याच्यातला राखणदारही अडकला. दर दहा मिनिटांनी चालणारं दुसरं छोटं काम हवं. वही उघडायची, सुरू झालेलं पण न संपलेलं काही मर्यादेबाहेर गेलंय का बघायचं, गेलं असेल तर निरोप पाठवायचा. बस. निरोपासाठी आम्ही टेलिग्रामचा बॉट वापरला. फुकट आहे आणि लावायला सोपा.

पण सर्व्हरच बंद पडला तर? लाइट गेली, यूपीएस संपला, इंटरनेट गेलं? मग राखणदारही गप्प, आणि "निरोप नाही म्हणजे सगळं ठीक" असं समजून आपण झोपतो. यावर उलटा उपाय आहे. जॉब सुरू होताना आणि संपताना बाहेरच्या एखाद्या सेवेला हाळी देतो. ठरलेल्या वेळेत हाळी आली नाही की ती सेवा आपल्याला उठवते. हेल्थचेक्स डॉट आयओ अशीच सेवा आहे. तिचा कोड खुला आहे, स्वतःच्या मशीनवरही चालवता येते. इथे शांतता हीच धोक्याची घंटा.

निरोप खरंच पोचतो का, हे तपासल्याशिवाय झोपू नका. गिटलॅब ही जगभरातले प्रोग्रामर वापरतात ती कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचं फोल्डर उडवलं. बॅकअप बघायला गेले तर जागा रिकामी. रोजचा बॅकअप जॉब चालत होता, पण बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो लगेच एरर देऊन संपत होता. एररचे ईमेलही जात होते, पण त्यांच्यावर योग्य सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं आणि झालेल्या सगळ्या चुका लिहून जाहीर केल्या, याचं मला फार कौतुक वाटतं.

यातून आम्ही एक अट वाढवली. जॉब फार लवकर संपला तरी निरोप. तीन मिनिटांचं काम चार सेकंदांत झालं, तर काम झालेलंच नाही. वहीत हाताळलेल्या नोंदींचा रकाना त्यासाठीच ठेवलाय.

निरोप आला, आता?

पहिली गोष्ट, बटण दाबू नका. अर्धवट काम उलटं फिरवायला डेटाबेसला वेळ लागतो, कधी कधी पुढे जायला लागला त्याहून जास्त. मशीन बंद करून ते टळत नाही, चालू झाल्यावर ते करावंच लागतं. २०१९ च्या आवृत्तीपासून हे लवकर उरकायची सोय आलीय, पण गावोगावी चालणाऱ्या सॉफ्टवेअरखाली अजून जुन्या आवृत्त्या आहेत आणि ती सोय चालूही करावी लागते.

दुसरी गोष्ट, जॉब काम करतोय की वाट बघतोय ते ओळखा. एसक्यूएल सर्व्हरचं मॅनेजमेंट स्टुडिओ फुकट मिळतं. त्यातल्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये "ब्लॉक्ड बाय" असा रकाना आहे. तिथे आकडा दिसला की जॉब कोणाच्या तरी मागे उभा आहे. तो आकडा कोणाचा, कुठल्या संगणकाचा, हेही तिथेच कळतं. ती खिडकी बंद केली की काम पुढे सरकतं. रकाना रिकामा असेल आणि डिस्क जोरात फिरत असेल, तर जॉब खरंच काम करतोय. मग कारण डेटा वाढण्यात, इंडेक्समध्ये, नाहीतर मरायला टेकलेल्या डिस्कमध्ये शोधा.

आण्णांच्या जॉबला आम्ही लॉकची वाट जास्तीत जास्त दोन मिनिटं बघायची असंही सांगून ठेवलं. नंतर तो माघार घेतो आणि सरळ फेल होतो. फेल झालेला बरा, तो निदान बोलतो. आणि माणूस टाइप करत असताना नोंद अडवून ठेवायची, हा त्या सॉफ्टवेअरचाच दोष होता. दोन वेळा भांडल्यावर तो दुरुस्त झाला.

तुमच्यापैकी जे तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं किंवा सॉफ्टवेअर बसवायचं काम करतात, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. वार्षिक देखभालीच्या करारात आपण काय लिहितो? फोन आल्यावर येऊ. सगळेच तेच लिहितात, म्हणून मग भाव पाडून घ्यावे लागतात. त्याऐवजी महिन्याला एक पानी कागद द्या : कुठले जॉब आहेत, मागच्या महिन्यात किती वेळ लागला, या महिन्यात किती, का वाढला. पहिला कागद फाइलच्या वेळांवरूनही करता येईल. मालकाला इंडेक्स कळत नाही, पण "चारचे अडतीस झाले" हे एका नजरेत कळतं. एक सावधगिरी : दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये हात घालण्याआधी मालकाची आणि ते बनवणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. आम्हीही घेतली होती. नाहीतर उद्या काहीही बिघडलं की बोट तुमच्याकडे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पावणेदहाला आण्णांच्या फोनवर निरोप आला : जॉब १५ मिनिटांपलीकडे. त्यांनी मला फोन केला नाही. थेट हिशेबनिसांना केला, "खोलीत काय उघडं ठेवून आलायसा काय?" काही नव्हतं. पुतण्याने ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडला, ब्लॉक्ड बाय रिकामं. मग त्याने सर्व्हरला कान लावला तर डिस्क टिकटिक करत होती. रात्रीच डेटा दुसऱ्या मशीनवर नेला, दहाव्या दिवशी डिस्क गेली. मला हे कळलं ते पुढच्या बिलाच्या दिवशी, चहा पिताना.

तुमच्या फाइलींवरच्या वेळा काय निघाल्या ते कमेंटमध्ये लिहा. वर्षापूर्वीची एक आणि कालची एक, दोन आकडे पुरेत.